सेल्टिक दगडांवरच्या चक्रांचा अर्थ काय?

पंचगंगा_काठ: मंडळी, आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज या प्राचीन थडग्याच्या दारातल्या दगडावर ती एकमेकांत गुंतलेली तीन चक्रं आहेत ना, सेल्टिक (युरोपातल्या प्राचीन सेल्ट लोकांची) म्हणून फोटो फिरतात बघा, त्याचा अर्थ काय? आपल्या कोल्हापूरजवळच्या बीड गावातल्या वीरगळावर सूर्यचंद्र, लढाई, वर शिवलिंगाची पूजा असं बघून लगेच कळतं, हे काही कळंना.

रंकाळावासी: भावा ती सेल्टिक नव्हंतच, न्यूग्रेंज इ.स.पूर्व ३२०० च्या आसपासचं, सेल्टिक लोकांच्या लय आधीचं. २१ डिसेंबरच्या सुमारास उगवतीचं ऊन झरोक्यातनं थेट आतल्या खोलीत जातं, अंबाबाईच्या किरणोत्सवासारखं, म्हणून काहीजण चक्रांचा संबंध सूर्याशी लावतात, पुरावा नाही.

जुना_बुरूज: खरं सेल्टिक बघायचं तर आयर्लंडच्याच गॉलवे परगण्यातला टुरोचा दगड बघा. ग्रॅनाइट, वरचा गोलाकार भाग सगळा वळणावळणाच्या नक्षीनं भरलेला, खाली पायऱ्यांसारखी पट्टी आणि त्याखाली कोरा. काय हात असंल त्या कारागिराचा! ड्रुइड म्हणजे सेल्टिक पुरोहित आपली शिकवण लिहून ठेवत नव्हते, रोमन सेनापती सीझरनंच नोंदवलंय, त्यामुळं नेटवर या नक्षीचा अर्थ छातीठोक सांगतात ते मागाहून चिकटवलेलं.

पंचगंगा_काठ: भारी माहिती! आणि बोआ बेटावरची दोन तोंडांची मूर्ती?

जुना_बुरूज: ती उत्तर आयर्लंडच्या फर्माना परगण्यातल्या कॅल्ड्रा दफनभूमीत आहे, पाठीला पाठ लावलेले दोन चेहरे, मोठे डोळे, टोकदार हनुवट्या. तिच्या काळावरनंच अभ्यासकांत वाद आहे, देव कोणता ते लांबच.