मॅच : काडी, सामना आणि जुळणं, तिन्हींना एकच शब्द कसा?

मंदारवेल
इंग्रजीत काडेपेटीतली काडी मॅच, खेळाचा सामना मॅच आणि रंगाला रंग जुळला तरी मॅचच. सामना आणि जुळणं यांचं काहीतरी नातं लावता येतं, पण काडी त्यात कुठेच बसत नाही. काडी पेटीवर घासतात म्हणजे दोघांची झुंजच, असं एकाने सांगितलं. मला ते पटलं नाही. कुणी नीट उलगडून सांगेल का?

शब्दपारखी
नाहीच पटायला पाहिजे! हे मुळात दोन निरनिराळे शब्द आहेत, फक्त दिसतात एकसारखे.

जुळण्याचा मॅच अस्सल इंग्रजी. जुन्या इंग्रजीत 'येमॅच्चा' म्हणजे जोडीदार, बरोबरीचा. बरोबरीचं स्थळ मिळालं की सोयरीक, बरोबरीचा गडी मिळाला की सामना. कुस्तीत आपण 'जोड' म्हणतो, तोही असाच दोन्हीकडे चालणारा शब्द.

काडीचा मॅच फ्रेंचमधून आला. तिकडे 'मेश' म्हणजे दिव्याची वात. आजही फ्रेंच लोक वातीला मेशच म्हणतात आणि केसांच्या बटेलाही; काडीला मात्र 'अल्युमेत'.

मला यातला सगळ्यात आवडतो तो मधला टप्पा. वातीवरून हा शब्द तोड्याला लागला. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी. ती भडकत नाही, धुमसत राहते. बंदुकीचा चाप ओढला की तिचं धुमसतं टोक रंजकावर, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूवर, टेकायचं आणि बार उडायचा. तोड्याच्या बंदुकीला इंग्रजीत मॅचलॉक म्हणतात, त्यातला मॅच हाच.

टोकाला गंधक लावलेल्या काटक्यांनाही पुढे मॅच म्हणू लागले, पण त्या पेटवायला आधी विस्तव लागायचाच. घासून पेटणारी काडी इंग्लंडमधल्या स्टॉकटन गावच्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने १८२७ साली विकायला काढली. काचकागदाची घडी करायची, त्यात काडीचं टोक दाबून ओढायचं. त्याने पेटंटही घेतलं नाही.

टिपकागद
शब्दपारखी, फार छान सांगितलंत. पण दोन वेगळ्या घरचे शब्द अगदी एकाच स्पेलिंगवर कसे आले? मुद्दाम कुणी केलं का?

शब्दपारखी
मुद्दाम नाही. येमॅच्चामधला सुरुवातीचा 'ये' झिजून गेला आणि फ्रेंच शब्द इंग्रजांच्या तोंडी रुळला. मध्ययुगीन इंग्रजीत दोन्हींची रूपं 'मॅच्च'च्या आसपास येऊन थांबली, मग स्पेलिंगही एकच झालं. म्हणून शब्दाचे खूप अर्थ दिसले की आधी कोशात नोंदी किती आहेत ते बघावं. एकाच नोंदीखाली क्रमांक दिले असतील तर एकाच शब्दाचे अर्थ, नोंदीच वेगळ्या असतील तर शब्दही वेगळे.

मंदारवेल
मनापासून आभार. तोड्याची बंदूक मधे असेल असं वाटलंच नव्हतं. आता 'डेट' बघते: खजूर आणि तारीख.

शब्दपारखी
तेही दोन वेगळे. खजुराचा ग्रीक 'डाक्टिलोस'वरून, म्हणजे बोट. तारखेचा लॅटिन 'डाटा'वरून, म्हणजे दिलेलं. पत्र कुठे आणि कधी सुपूर्द केलं ते रोमन लोक याच शब्दाने लिहीत.