मदत हवी आहे: बाळाच्या हृदयशस्त्रक्रियेपर्यंतचे दिवस कसे काढावेत?

नमस्कार. आम्ही ऐरोलीत राहतो. आमच्या साडेतीन महिन्यांच्या मुलीच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असल्याचे इकोमध्ये आढळले असून, फुप्फुसांकडे जादा रक्त जात असल्यामुळे तिला दूध पितानाही धाप लागते. चार-पाच घोट झाले की ती थांबते, कपाळावर घामाचे थेंब दिसतात, आणि मी ते टिपत पुढच्या घोटाची वाट पाहते. वजन थोडे वाढले की शस्त्रक्रिया करू, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात, हे कळल्यापासून खर्चाची चिंता बरीच हलकी झाली. जड जाते ते हे थांबणे. परवा ती पहिल्यांदा खुदकन हसली, सासूबाईंनी लगेच दृष्ट काढली, आणि त्या दिवशी घरात सगळेच पोटभर जेवले.

ज्यांची मुले यातून सुखरूप बाहेर आली आहेत, अशा आईवडिलांनी कृपया सांगावे: रात्रभर बाळाचा श्वास मोजत बसणे आपण कसे थांबवले, आणि थोडे-थोडे, वारंवार पाजण्याखेरीज वजनासाठी डॉक्टरांनी काय सुचवले होते? आपले मूल आज काय काय करते, हेही अवश्य लिहावे.