एनबीएचे सर्वश्रेष्ठ पाच : बिल रसेलला कोठे बसवावे?

पहाटेचा_प्रेक्षक :

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंच्या यादीत मायकेल जॉर्डन पहिला आणि लेब्रॉन जेम्स दुसरा, असा क्रम बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतो आणि त्याच्या समर्थनार्थ सहा विजेतेपदे विरुद्ध चार विजेतेपदे हा हिशेब पुढे केला जातो. हाच हिशेब शेवटपर्यंत नेला, तर बॉस्टन सेल्टिक्सकडून १३ हंगामांत ११ विजेतेपदे मिळवणारा बिल रसेल निर्विवाद पहिला यायला हवा. पण तिथवर आले की हीच मंडळी 'तेव्हा संघ होतेच किती' असे म्हणून काढता पाय घेतात. शिवाय दुय्यम भूमिकेत खेळणाऱ्या रॉबर्ट हॉरीच्या नावावर सात विजेतेपदे आहेत, म्हणजे जॉर्डनपेक्षा एक अधिक. त्याला पहिल्या पाचांत घ्या, असे त्याचे घरचेही म्हणणार नाहीत.

म्हणून मी वेगळी कसोटी लावून पाहिली : खेळाडू गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात त्याच्या संघाचे काय झाले? रसेलच्या अखेरच्या, म्हणजे १९६८-६९ च्या हंगामात सेल्टिक्सने ४८ सामने जिंकले आणि ३४ गमावले. पुढच्या हंगामात ३४ जिंकले आणि ४८ गमावले. लेब्रॉन २०१० मध्ये क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला, तेव्हा ६१ विजय मिळवणारा संघ १९ विजयांवर आला. २०१८ मध्ये तो पुन्हा गेला, तेव्हा ५० वरून पुन्हा १९ वर. याउलट जॉर्डनने ऑक्टोबर १९९३ मध्ये निवृत्ती जाहीर केली, तरी शिकागो बुल्सचे विजय ५७ वरून फक्त ५५ वर आले. या कसोटीवर माझा क्रम असा लागतो : रसेल, लेब्रॉन, करीम अब्दुल-जब्बार, जॉर्डन आणि मॅजिक जॉन्सन. जॉर्डनला चौथा लिहिताना हात अडखळतो, हे खरे. पण दोष कसोटीचा आहे की आपल्या सवयीचा? जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

आकडेमोड :

कसोटी आकर्षक आहे, परंतु ती गेलेल्या खेळाडूपेक्षा मागे उरलेल्या संघाचेच मोजमाप अधिक करते. १९९३-९४ च्या बुल्सकडे ऐन भरातला स्कॉटी पिपेन होता, प्रशिक्षक म्हणून फिल जॅक्सन होते आणि टोनी कुकोच व स्टीव्ह कर हे दोघेही त्याच हंगामात संघात दाखल झाले होते. एवढे असूनही सलग तीन वर्षांचा विजेता संघ प्लेऑफच्या (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) दुसऱ्याच फेरीत न्यूयॉर्ककडून सात सामन्यांत हरला. ५५ विजयांच्या आकड्यात हे कुठेच दिसत नाही. दुसरे असे की जॉर्डन एकदा नव्हे, दोनदा बुल्स सोडून गेला. १९९७-९८ मध्ये ६२ सामने जिंकलेला संघ पुढच्या, ५० सामन्यांपुरत्या आखूड झालेल्या हंगामात १३ जिंकून ३७ हरला. मात्र त्या वेळी पिपेन, डेनिस रॉडमन आणि जॅक्सन हेही सोबतच गेले होते. मग ही पडझड कोणाच्या खात्यावर लिहायची?

आपण करीमला तिसरे स्थान दिले आहे, ते तर आपल्याच कसोटीवर टिकत नाही. तो १९८९ मध्ये निवृत्त झाला आणि त्याच्या लॉस एंजेलिस लेकर्स संघाचे विजय ५७ वरून ६३ वर गेले! १९७५ मध्ये त्याने मिलवॉकी सोडले, तेव्हा त्या संघाने आधीच्या हंगामातही ३८ सामने जिंकले होते आणि नंतरच्या हंगामातही ३८. त्यापेक्षा खेळाडू आल्यावर काय झाले ते पाहावे : करीम येण्यापूर्वी मिलवॉकीने २७ सामने जिंकले होते आणि तो आल्यावर ५६.

मध्यरेषा :

रसेलविषयी सविस्तर लिहितो, कारण त्याचा खेळ आकड्यांत पकडता येत नाही आणि त्यामुळेच त्याची उपेक्षा होते. कारकिर्दीत सामन्यामागे १५.१ गुण, फ्री थ्रोमध्ये (फाउलनंतर मिळणाऱ्या मुक्त फेकीत) जेमतेम ५६ टक्के यश, एवढेच वाचले तर हा माणूस पहिल्या वीसांतही बसणार नाही. एनबीएने ब्लॉक (रिंगकडे फेकलेला चेंडू हवेतच अडवणे) मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४ मध्ये, म्हणजे रसेल निवृत्त होऊन चार वर्षे उलटल्यावर. ज्या कामात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता, त्या कामाची नोंदच झालेली नाही.

उपलब्ध चित्रफिती पाहताना त्याच्या हाताकडे लक्ष द्यावे. चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या मिळवणारा ब्लॉक तो शक्यतो करीत नसे, कारण बाहेर गेलेला चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्यालाच मिळतो. डाव्या हाताच्या बोटांनी तो चेंडू वर किंवा सहकाऱ्याच्या दिशेने अलगद टोलवत असे आणि तो खाली येईपर्यंत सहकारी बॉब कूझी पुढे धावत सुटलेला असे. म्हणजे एकाच स्पर्शात समोरच्याची बास्केट अडली आणि आपल्या फास्ट ब्रेकची (वेगवान प्रतिहल्ल्याची) पहिली पायरीही पडली. शिवाय रसेल उभा आहे म्हणून रिंगकडे न जाता दुरून टाकलेले किती चेंडू वाया गेले असतील, याची गणती तर आजच्या आकडेवारीतही नीट होत नाही.

त्याच्या समकालीनांना हे कळत होते. १९६१-६२ मध्ये विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर परत मिळवलेले चेंडू) अशी अचाट कामगिरी केली, हर्शी येथे न्यूयॉर्कविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. तरीही त्या हंगामाचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, रसेल ठरला. त्या काळी हे मतदान खुद्द खेळाडूच करीत असत. त्याच हंगामाच्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात, जादा वेळेत गेलेल्या लढतीत, रसेलने लेकर्सविरुद्ध ३० गुण आणि ४० रिबाउंड मिळवले. कारकिर्दीत तो निर्णायक सातवे सामने दहा खेळला आणि दहाही जिंकला. शेवटची दोन विजेतेपदे तर त्याने खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत मिळवली. माझ्या यादीत तो पहिला आहे.

सांगलीकर :

मध्यरेषा यांचा प्रतिसाद वाचनीय आहे, पण रसेलच्या काळाची दुसरी बाजूही मांडायला हवी. तो लीगमध्ये आला तेव्हा एकूण आठ संघ होते. १९५७ मध्ये सेल्टिक्सने प्लेऑफच्या दोन मालिका जिंकल्या आणि विजेतेपद मिळाले. जॉर्डन आणि लेब्रॉन यांना दर वेळी चार मालिका जिंकाव्या लागल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या काळी करार संपला तरी खेळाडूला संघ निवडता येत नसे. खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाव्यात १९७६ मध्ये तडजोड झाली, त्यानंतर हळूहळू खेळाडूंना हे स्वातंत्र्य मिळत गेले. एकदा चांगला संघ जमला की तो फुटण्याची भीती नाही, अशा व्यवस्थेत सेल्टिक्सच्या रेड ऑरबाख यांच्यासारख्या प्रशिक्षकाला दहा वर्षे राज्य करणे तुलनेने सोपे होते.

माझ्या मते क्रमवारी सर्वोच्च पातळीवरून लावावी आणि ती पातळी जॉर्डनची आहे. १९८७-८८ मध्ये त्याने सामन्यामागे ३५ गुण केले आणि एमव्हीपीबरोबर सर्वोत्तम बचावपटूचा किताबही त्याच हंगामात मिळवला. लोकांना १९९८ च्या अंतिम मालिकेतील, ५.२ सेकंद उरले असतानाची बास्केट आठवते. मला त्याआधीचे काही क्षण अधिक मोलाचे वाटतात. प्रतिस्पर्धी युटा एका गुणाने पुढे होता, चेंडू त्यांच्या कार्ल मलोनकडे होता. जॉर्डन ज्याच्यावर पहारा देत होता, तो जेफ हॉर्नासेक पलीकडच्या बाजूला निघून गेला. जॉर्डन त्याच्यामागे न जाता मलोनच्या पाठीमागून, त्याच्या नजरेआडून परतला आणि त्याने चेंडू काढून घेतला. टाइम आउट न घेता तो चेंडू घेऊन थेट पुढे गेला. त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात बचाव आणि आक्रमण दोन्ही एकाच माणसाने निभावले.

पहाटेचा_प्रेक्षक :

करीमच्या निवृत्तीचे उदाहरण मला पुरेसे वाटत नाही, कारण तेव्हा तो ४२ वर्षांचा होता आणि लेकर्सची धुरा केव्हाच मॅजिककडे गेली होती. मिलवॉकीतल्या त्याच्या शेवटच्या हंगामातही हाताच्या दुखापतीमुळे तो सुरुवातीचे बरेच सामने खेळलाच नव्हता. खेळाडू भरात असताना गेला असेल, तरच ही कसोटी लावावी, अशी अट घालतो. लेब्रॉनची दोन्ही उदाहरणे या अटीत बसतात, तरी त्याच्याविषयी इथे कोणी अवाक्षर काढलेले नाही!

आकडेमोड :

लेब्रॉनचा मुद्दा रास्त आहे. २०११ ते २०१८ सलग आठ अंतिम मालिका, आणि २०१६ मध्ये त्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट संघाविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून विजेतेपद. त्या मालिकेत गुण, रिबाउंड, असिस्ट (बास्केट घडवणारा पास), स्टील (हिसकावलेला चेंडू) आणि ब्लॉक या पाचही बाबतींत दोन्ही संघांतील सर्व खेळाडूंमध्ये तोच पहिला होता. करीमचा ३८,३८७ गुणांचा विक्रम त्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये मोडला. मात्र २०११ मध्ये डॅलसविरुद्धच्या अंतिम मालिकेत त्याची सरासरी १७.८ गुणांवर घसरली होती; जॉर्डनच्या सहा अंतिम मालिकांत असा एकही डाग सापडत नाही, आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच होतो. म्हणून जॉर्डन, लेब्रॉन, करीम, रसेल.

पाचव्या जागेसाठी मॅजिकचे नाव इतक्या सहज घेऊ नये, असे मात्र वाटते. एकाच हंगामात एमव्हीपी, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम मालिकेचा एमव्हीपी हे तिन्ही किताब १९९४ मध्ये हकीम ओलाजुवोनने मिळवले आणि तसे करणारा तो एकमेव खेळाडू आहे. मध्यरेषा यांना बचावाची एवढी कदर आहे, तर त्यांच्या यादीत हकीम कितवा?