गटकार्य म्हणजे नुसता गोंगाट होतोय, मोठ्या वर्गात तुम्ही कसं जमवता?

घणसोली_गणित:
नमस्कार, मी घणसोलीत सहावीला गणित शिकवते, वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत. ट्रेनिंगला गटकार्य, जोडीचर्चा सगळं ऐकून येतो आणि मला ते मनापासून करायचंय, पण गट केले की एक हुशार मूल वही ओढून सोडवतं, बाकीचे उतरवून घेतात आणि आवाज इतका की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहतात. परवा दशांश अपूर्णांक घेतले, ०.५ मोठा की ०.२५ विचारलं, नेहमीच्या तिघाचौघांचे हात वर, उत्तरही बरोबर, पण वह्यांमध्ये बघते तर अर्ध्याअधिक मुलांनी ०.२५ मोठा लिहिलेला. परत खडू-फळ्यावर जायचं नाहीये मला. कुणी काही करून बघितलंय का?

कळवेकर_सर:
मॅडम, गट सध्या राहू द्या, जोडीच करा, बाकावर शेजारी बसतात तीच दोघं, बाकं हलवायची भानगड नको. आणि बोलायच्या आधी लिहायला लावा, हे सगळ्यात महत्त्वाचं. मी पाट्या वापरतो. प्रश्न विचारला की मिनिटभर पूर्ण शांतता, प्रत्येकाने आपलं उत्तर आणि एक कारण लिहायचं, मग शेजाऱ्याला दाखवून बोलायचं, मग सगळ्यांनी पाट्या वर. कोण कुठे अडकलंय ते तिथल्या तिथे दिसतं, वह्या तपासेपर्यंत थांबावं लागत नाही. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेलं थिंक-पेअर-शेअर ते हेच, पण आपल्याकडे विचार करायला वेळच देत नाहीत, थेट 'चला चर्चा करा', मग ज्याला येतं तोच बोलणार ना.

नौपाड्याच्या_बाई:
सरांचं अगदी बरोबर आहे. मी आता रिटायर आहे पण हा विषय अजून जिव्हाळ्याचा. अमेरिकेत शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात, तेच ३ सेकंद थांबले तर उत्तरं मोठी येतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. उत्तर आल्यावरही थांबायचं गं, लगेच 'शाब्बास' म्हटलं की बाकीच्यांचा विचार तिथेच बंद.
तुझ्या मुलांचं म्हणशील तर ती ५ आणि २५ बघतायत, दशांशचिन्ह बघतच नाहीयेत. पाट्या वर झाल्या की वेगळी उत्तरं असलेल्यांच्या जोड्या लाव आणि हातात मीटरपट्टी दे. ०.५ मीटर दाखवा, ०.२५ मीटर दाखवा. ५० सेंमी आणि २५ सेंमीवर बोट ठेवलं की वाद त्यांचा तेच मिटवतात. तू मधे पडू नकोस.

घणसोली_गणित:
बाई, मीटरपट्टीचं उद्याच करते, खूप आभार दोघांचे. अजून एक, माझ्याकडे बरीच मुलं घरी हिंदी बोलणारी आहेत, ती कारण लिहायला अडतात, त्यांचं काय करू?

कळवेकर_सर:
जोडीत हिंदीत बोलू द्या, पाटीवर चित्र काढलं तरी चालेल. आधी गणित कळू दे, मराठी वाक्य नंतर शेजारच्याच्या मदतीने फळ्यावर लिहून घ्या.