गावचे घर : दुरुस्ती की दापोलीत सदनिका?

मोठे काका (ठाणे) : गावच्या घराचा विषय गणपतीत सगळे जमले की निघतो आणि आरतीच्या गडबडीत बाजूला पडतो, म्हणून या वेळी तो येथे लेखी मांडत आहे. माडीवरच्या आढ्याला वाळवी लागली आहे, वानरे कौले फोडतात आणि पावसाळ्यापूर्वी ती परतायला माणूस मिळत नाही. एक तर मोठी दुरुस्ती हाती घ्यावी, नाहीतर घर व आगर (बाग) विकून दापोलीत सदनिका घ्यावी आणि आईसह तुम्ही दोघांनी तेथे राहावे. माझा कल विकण्याकडे आहे. परंतु राहणारे तुम्ही आहात, तेव्हा तुमचे म्हणणे आधी कळावे.

धाकटे काका (गाव) : दादा, विकायचे म्हटले तरी आपल्या हाती विकण्यासारखे काय आहे, हे आधी पाहावे लागेल. आपले घर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत येते. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेनुसार गावांमधील या पट्ट्यात सहसा नवे घर बांधता येत नाही. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी मात्र जोत्याचे क्षेत्रफळ आणि चटईक्षेत्र न वाढवता करता येते. २०१९ च्या अधिसूचनेने ही मर्यादा ५० मीटरवर आणली खरी, पण ती दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या भागांपुरती, आणि आपले गाव त्यात बसत नाही. म्हणून येथे हॉटेल उभारण्याच्या विचाराने आलेले गिऱ्हाईक चौकशीतच मागे फिरते आणि जे उरते ते भाव पाडून मागते.

दुरुस्तीत स्लॅबचा विचार मी सोडून दिला आहे. आपल्या भिंती मातीत रचलेल्या चिऱ्यांच्या आहेत. त्यांच्यावर स्लॅबचे वजन टाकायचे तर आतून खांब उभारावे लागतील, म्हणजे नवे घरच बांधावे लागेल. शिवाय खाऱ्या हवेत सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. वाळू खाडीची निघाली तर हा रोग पहिल्या दिवसापासून आतच असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आपल्या वाडीत अनेकांनी कौलांऐवजी पत्रे घातले, आणि आता त्यांचे हूक गंजले आहेत. वैशाखात त्या घरांत दुपारी बसवत नाही, ते वेगळेच. मी स्वतः कौले बाजूला करून आढे पाहिले. पश्चिमेच्या भिंतीत बसलेले त्याचे टोक बोटांनी चुरते, पण तेथून हातभर पुढे किकरे (सुताराची छिन्नी) टोचले तर शिरतसुद्धा नाही. तेवढा तुकडा कापून, जोडाखाली खांब देऊन काम भागेल, असे सुताराचे म्हणणे आहे.

आत्या (चिपळूण) : सातबाऱ्यावर माझेही नाव असल्यामुळे विक्रीला माझी सही लागेल, ती मी अडवणार नाही. सदनिका घेतली म्हणजे काळजी मिटली, असे मात्र कोणी समजू नये. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या इमारतीचा तळमजला पाण्याखाली होता आणि इमारत चांगली नवी होती. दापोली उंचावर आहे, तेथे ती भीती नाही, हे मान्य. माझा प्रश्न निराळा आहे. तुम्ही दोघे भाऊ छपराविषयी लिहीत आहात, पण आई पडली तर ती माडीवर पडणार नाही. मागच्या दारच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर, न्हाणीघराकडे जाताना पडेल. आषाढातल्या रात्री वीज गेलेली असताना आणि रस्त्यावर झाड आडवे पडलेले असताना तिला दवाखान्यात कसे नेणार, याचेही उत्तर दुरुस्तीच्या खर्चात कोठेच नाही.

पुतणी (पुणे) : कराचे थोडक्यात सांगते. घर विकल्यास भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. जुनी मालमत्ता असल्यामुळे महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांचा हिशेबही करता येतो आणि जो कर कमी येईल तो भरावा लागतो. खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरता येते. घराच्या विक्रीतील नफा दोन वर्षांच्या आत दुसरे घर विकत घेण्यात गुंतवला तर सूट मिळते, पण ज्याचा हिस्सा त्याने तो गुंतवायचा असतो. सर्वांच्या पैशांतून एकच सदनिका एकाच्या नावावर घ्यायची असेल, तर हा हिशेब आधी सल्लागाराकडून करून घ्यावा.

काकू (गाव) : ताईंचे म्हणणे मला पूर्ण पटते. जोते वाढवता येत नसल्याने नवे न्हाणीघर व शौचालय घराच्या आतच बसवावे लागेल, आणि त्यासाठी माजघराला लागून असलेली बाळंतिणीची खोली योग्य आहे. तेथे सध्या फक्त भाताची कणगी आणि मोडके पाळणे आहेत. मला वाटते, छपराच्याही आधी हे काम व्हावे. आणखी एक गोष्ट अशी की, आईंना अजून कोणी विचारलेलेच नव्हते. मी काल विचारले. आषाढ-श्रावण दापोलीत भाड्याच्या खोलीत काढायला त्या तयार आहेत, परंतु गणपती याच घरात आले पाहिजेत, असे त्यांनी बजावले आहे.

मोठे काका (ठाणे) : असे असेल तर विक्रीचा आग्रह मी धरत नाही. दोन महिन्यांचे भाडे सदनिकेच्या किमतीपुढे काहीच नाही, ते मी देईन. न्हाणीघर आणि आढे यांचे अंदाजपत्रक वेगवेगळे मागवावे, म्हणजे पैसे अपुरे पडले तरी न्हाणीघर अडणार नाही. घरपट्टीचा जुना उतारा आणि खोलीचे सध्याचे मोजमाप ग्रामपंचायतीत दाखवून कोणती परवानगी लागते, ते काम सुरू करण्यापूर्वी लेखी घ्यावे. सुताराला इसार या आठवड्यातच द्या. शिमगा झाला की तो कोणाच्या हाती लागत नाही.