पीएचडीसाठी हायडेलबर्गला जाताना पतीही सोबत येत आहेत : घर, नोंदणी आणि त्यांच्या कामाविषयी सल्ला हवा आहे

धागाकर्ती :

नमस्कार. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठात जीवशास्त्रातील पीएचडीसाठी माझी निवड झाली असून १५ ऑक्टोबर २०२६ रोजी मला रुजू व्हायचे आहे. शिष्यवृत्ती नाही, विद्यापीठाशी थेट नोकरीचा करार आहे आणि पगार पूर्णवेळ वेतनाच्या ६५ टक्के मिळणार आहे. माझे पती लेखापाल आहेत. दहा वर्षांची नोकरी सोडून ते माझ्याबरोबर येत आहेत. आम्हा दोघांपैकी कोणीही आजवर परदेशात राहिलेले नाही.

प्रयोगशाळेतून मला बावीस पानांचे माहितीपत्रक आले. सायकल कुठे लावायची इथपासून प्रबंधाची प्रत कुठे द्यायची इथपर्यंत सगळे त्यात आहे. सोबत येणाऱ्या जोडीदाराविषयी मात्र एकच वाक्य आहे, की त्याची नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते.

माझे तीन प्रश्न आहेत. माझी प्रयोगशाळा नॉयेनहायमर फेल्ड या भागात आहे, तर घर हायडेलबर्गमध्येच पाहावे की मानहाइमला राहून रोज ये-जा करावी? पतींनी माझ्याबरोबरच यावे, की मी घर मिळवून स्थिरावल्यानंतर यावे? आणि तिथे पोहोचल्यावर त्यांनी नेमके काय करावे? हा तिसरा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. ते स्वतः काही बोलत नाहीत, पण मागच्या आठवड्यात एका समारंभात कोणीतरी त्यांना काय करता असे विचारले, तेव्हा त्यांनी "मी हिच्याबरोबर जातोय" एवढेच उत्तर दिले. ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

नेकारकाठ :

प्रथम अभिनंदन. मी या शहरात सहा वर्षे काढली आहेत, त्यामुळे घराविषयी सविस्तर लिहितो. बाकीचे इतर लोक सांगतील.

हायडेलबर्ग लहान, सुंदर आणि विद्यार्थ्यांनी भरलेले शहर असल्यामुळे भाड्याच्या बाबतीत ते कोणावरही दया करत नाही. हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होतात, म्हणजे सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे घर शोधण्यासाठी सर्वांत वाईट महिने आहेत, आणि तुम्ही नेमक्या त्याच वेळी येत आहात. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी सजवलेली तात्पुरती जागा घ्यावी आणि कायमचे घर इथे येऊन, स्वतः पाहून घ्यावे. न पाहिलेल्या घराची अनामत आगाऊ पाठवू नये, समोरचा माणूस कितीही सज्जन वाटला तरी. विद्यार्थी कल्याण मंडळाच्या वसतिगृहांत जोडप्यांसाठीही सदनिका असतात, पण त्या मोजक्या आहेत, म्हणून तिथे आजच अर्ज करून ठेवावा आणि मग त्यावर विसंबून राहू नये.

मानहाइम नक्की विचारात घ्या. हायडेलबर्गच्या मुख्य स्थानकावरून लोकलने साधारण वीस मिनिटांत तिथे पोहोचता येते, आणि दोन्ही शहरे एकाच वाहतूक जाळ्यात आहेत. देशभरातील लोकल गाड्या, ट्राम आणि बसना चालणारे मासिक तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाले होते. ते आता ६३ युरोंवर गेले आहे, तरीही दोघांची दोन तिकिटे काढून भाड्यात पुष्कळ बचत होऊ शकते. मात्र तुमच्या कामात रात्री अकरा वाजता पेशी पाहायला जाण्याचे प्रसंग येत असतील, तर प्रयोगशाळेपासून सायकलच्या अंतरावर राहण्याचे मोल पैशात मोजता येणार नाही. हांडशुह्सहाइम, वीब्लिंगन आणि किर्शहाइम हे भाग त्या दृष्टीने पाहावेत.

जाहिरात वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. दोन खोल्यांचे घर म्हणजे एक बैठकीची खोली आणि एक झोपण्याची. दोन शयनगृहे मिळतील असे समजू नये. 'काल्टमीटे' म्हणजे नुसते भाडे, तर 'वार्ममीटे' म्हणजे ऊब, पाणी वगैरे धरून होणारे भाडे, आणि त्यातही वीज बहुधा वेगळी असते. तिसरी गोष्ट नवख्या माणसाला खरीच वाटत नाही : अनेक घरे स्वयंपाकघराशिवाय भाड्याने दिली जातात. ओटा, शेगडी, सिंक यांतले काहीच नसते, भिंतीतून फक्त नळाचे तोंड बाहेर आलेले असते आणि छतावर दिव्याऐवजी वायरींची दोन टोके लोंबत असतात. जाहिरातीत 'आइनबाउक्युखे' हा शब्द असेल तर ओटा बसवलेला आहे असे समजावे. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, हे घरमालक आपणहून सांगत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत असे, की तुम्ही पुढे या आणि पतींना जानेवारीत बोलवा. एका खोलीत दोन बॅगा आणि दोन चिंतातूर माणसे राहिली, की भांडणांना कारण लागत नाही.

जुना भाडेकरू :

वरील शेवटच्या परिच्छेदाशी मी असहमत आहे, पण आधी कागदपत्रांविषयी सांगतो.

तुमचा व्हिसा जर्मन निवास कायद्याच्या कोणत्या कलमाखाली निघत आहे, हे सर्वप्रथम विचारा. कलम १६ बी, म्हणजे विद्यार्थी म्हणून निघाला, तर पतींना जोडीदाराच्या व्हिसासाठी सामान्यतः ए१, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीचे जर्मन दाखवावे लागते. तोच कलम १८ डी खाली, म्हणजे संशोधक म्हणून निघाला, तर ही अट लागत नाही. तुमच्याकडे नोकरीचा करार असल्यामुळे हा प्रश्न विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाला आजच लिहून विचारण्यासारखा आहे. निवास परवाना मिळाल्यावर जोडीदाराला नोकरी करण्याची मुभा असते, त्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागत नाही.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग', करावी लागते आणि पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून असते : करक्रमांक, परवान्याचे काम, बहुतेक बँकांचे खाते. तिच्यासाठी घरमालकाने सही केलेले पत्र लागते आणि त्या पत्रात दोघांचीही नावे असावी लागतात. तात्पुरती जागा घेताना हे पत्र देणार का, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारा, कारण काही जण देत नाहीत. नोंदणीच्या वेळी धर्म विचारतात तो चर्च कराकरिता. मान्यताप्राप्त चर्चचे सभासद असणाऱ्यांच्या आयकरावर या राज्यात आणखी ८ टक्के बसतात, इतरांना त्याचे देणेघेणे नाही.

आता एक फजिती सांगतो. इथे टपाल घरक्रमांकावर नव्हे, पेटीवरच्या नावावर पोहोचते. आमच्या पेटीवर घरमालकाने फक्त माझे आडनाव लावले होते आणि पत्नीने लग्नानंतर आडनाव बदललेले नव्हते. तिचे बँकेचे कार्ड आले आणि परत गेले, पिनचे पत्र आले आणि परत गेले, आणि तिसरे पत्र कुठे गेले ते आम्हाला आजतागायत कळलेले नाही. बँकेचे म्हणणे असे, की त्या पत्त्यावर अशी व्यक्तीच राहत नाही. सहा आठवडे हा गोंधळ चालला. शेवटी मी वहीचा कागद कापून दोन्ही आडनावे लिहिली आणि पारदर्शक चिकटपट्टीने पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर लावली, त्यानंतर चार दिवसांत सगळे सुरळीत झाले. तुमची आडनावे वेगळी असतील तर चावी हातात पडल्यावर पहिले काम हे करा.

आरोग्यविम्याचे थोडक्यात : तुम्ही नोकरदार म्हणून सार्वजनिक विम्यात असाल, आणि पतींना स्वतःचे उत्पन्न नसेल किंवा ते महिना ५६५ युरोंपर्यंतच असेल, तर ते तुमच्याच विम्यात वेगळा हप्ता न भरता समाविष्ट होतात. छोट्या अंशकालीन नोकरीसाठी, म्हणजे 'मिनीजॉब'साठी, ही मर्यादा ६०३ युरो आहे. दोघांची नोंदणी झाल्यावर करवर्ग बदलण्याचा अर्जही करा. एकाचेच उत्पन्न असताना तीन-पाच या जोडीत, म्हणजे तुम्ही वर्ग तीनमध्ये आणि पती वर्ग पाचमध्ये असताना, तुमच्या हातात येणारा मासिक पगार वाढतो, मात्र मग वार्षिक विवरणपत्र भरणे सक्तीचे होते. आकाशवाणी-दूरचित्रवाणी शुल्काचे पत्र दोघांनाही येईल. ते शुल्क दर घरामागे १८.३६ युरो प्रतिमहिना असते, म्हणून एकानेच भरावे आणि दुसऱ्याने पहिल्याचा क्रमांक कळवून मोकळे व्हावे.

सहप्रवासी :

हा धागा वाचून उत्तर न देणे मला शक्य झाले नाही, कारण पाच वर्षांपूर्वी "मी हिच्याबरोबर जातोय" असे म्हणणारा मी होतो.

नेकारकाठ यांनी पतींना जानेवारीत बोलावण्याचा सल्ला दिला आहे. सोयीच्या दृष्टीने तो बरोबर असेल, पण मला तो चुकीचा वाटतो. पत्नी तीन महिने आधी आली, तिने घर निवडले, खुर्च्या निवडल्या, सायकल कुठून घ्यायची ते शोधले. मी पोहोचलो तेव्हा सगळे तयार होते आणि मी त्या घरात पाहुण्यासारखा शिरलो. कपाटात चमचे कुठे आहेत हे मला विचारावे लागत होते. त्यापेक्षा एका खोलीत दोन बॅगा घेऊन राहणे परवडले असते. घर शोधण्याचे काम त्रासाचे आहे खरे, पण पहिल्या महिन्यात तुम्ही प्रयोगशाळेत अडकलेल्या असताना, ज्याचे महत्त्व दोघांनाही मान्य आहे असे तेवढे एकच काम तुमच्या पतींच्या हातात असेल. ते त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

त्यांच्या व्यवसायाविषयी मला थोडी माहिती आहे, कारण मीही हिशेबाच्याच क्षेत्रातला आहे. इथे 'श्टॉयरबेराटर', म्हणजे करसल्लागार, ही पदवी कायद्याने संरक्षित असून तिला स्वतंत्र परीक्षा आहे. तिकडे लगेच पाहू नये. मात्र कंपन्यांच्या हिशेब विभागात लेखापाल म्हणून काम करण्यासाठी त्या परीक्षेची गरज नाही. तिथे तीन गोष्टी विचारतात : बी२, म्हणजे मध्यमाच्या वरच्या पातळीची जर्मन भाषा, जर्मन व्यापारी कायद्याप्रमाणे हिशेब लिहिण्याची ओळख आणि 'डाटेव' या संगणक प्रणालीवर हात बसलेला असणे. पहिल्या गोष्टीला मला सव्वा वर्ष लागले, उरलेल्या दोन चार महिन्यांच्या एका अभ्यासक्रमात झाल्या. पदवीची तुलना कशी होते ते 'अनाबिन' या सरकारी माहितीकोशात विद्यापीठाचे नाव घालून आत्ताच पाहता येईल. वॉलडॉर्फला सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचे मुख्यालय हायडेलबर्गच्या अगदी जवळ असल्यामुळे इंग्रजीवर चालणाऱ्या नोकऱ्या या भागात आहेत, पण त्यांच्या आशेवर भाषेचा वर्ग पुढे ढकलू नये. मी ढकलला आणि सात महिने वाया घालवले.

भाषेचा वर्ग सकाळचा घ्या, संध्याकाळचा नको. माझा वर्ग बेर्गहाइममधल्या लोकशिक्षण केंद्रात, म्हणजे 'फोल्क्सहोखशूले'त होता. सकाळी पावणेनऊला घरातून निघायचे, ट्रामचे तेच थांबे, वर्गात शेजारी बसणारा एक प्रौढ सुतार आणि एक दंतवैद्य बाई, मधल्या सुट्टीत यंत्रातली वाईट कॉफी. भाषा हळूहळू आली. पण रात्री जेवताना पत्नीला सांगण्यासारखे काहीतरी माझ्याकडे पहिल्या आठवड्यापासून असू लागले. त्याआधी आमची संभाषणे तिच्या प्रयोगापासून सुरू होऊन तिच्या मार्गदर्शकांपाशी संपत असत आणि मी त्यात प्रश्न विचारणारा होतो. पंचवीस माणसांची नावे मला पाठ होती, पण त्यांतल्या एकालाही मी स्वतः ओळखत नव्हतो.

काही वाचायचे असेल तर हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेचे ग्रंथालय पाहावे. १९६२ साली स्थापन झालेल्या या संस्थेत खंडोबा आणि धनगर समाजाचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर शिकवत असत. परक्या शहरात मराठी पुस्तकाच्या कण्यावरचे देवनागरी नाव दिसले, की काय होते ते मी इथे लिहीत नाही.

धागाकर्ती :

सर्वांचे मनापासून आभार. सहप्रवासी, तुमचा प्रतिसाद मी पतींना मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण रात्री त्यांनी अनाबिनमध्ये स्वतःचे विद्यापीठ शोधले आणि मानहाइममधल्या चार घरांच्या जाहिराती मला न विचारता बाजूला काढून ठेवल्या. घर शोधण्याचे काम आता त्यांच्याकडे आहे. विद्यापीठाचेही उत्तर आले : माझा व्हिसा संशोधक म्हणून, कलम १८ डी खाली निघणार आहे. तरीही पतींनी ए१ चा वर्ग सुरू करायचे ठरवले आहे. आम्ही बरोबरच येऊ.

आता एकच व्यावहारिक शंका उरली आहे. आम्ही विमानाची तिकिटे शुक्रवार, २ ऑक्टोबरच्या रात्रीची पाहत आहोत, म्हणजे शनिवार-रविवार सामान लावायला मिळेल. हे ठीक आहे ना?

नेकारकाठ :

जानेवारीचा माझा सल्ला मी मागे घेतो. मी एकटाच आलो होतो, त्यामुळे खुर्च्यांचा विचार माझ्या मनात आलाच नाही.

तिकिटे मात्र अजून काढली नसतील तर बदला. ३ ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुटी आहे आणि यंदा ती शनिवारी येते, तर रविवारी दुकाने एरवीही बंदच असतात. तुम्ही शुक्रवारी रात्री पोहोचलात, तर सोमवारी सकाळपर्यंत फक्त मुख्य स्थानकातली मोजकी दुकाने उघडी मिळतील, आणि तिथे ब्रेड मिळेल पण उशी मिळणार नाही. बुधवारी या. नगर कार्यालयाची वेळ मात्र आजपासूनच ऑनलाइन शोधायला लागा आणि ती दोघांच्या नावाने घ्या.