ग्रीनलंडला मान्यता हवी की सामने?

चर्चाप्रस्ताव : उत्तरायण

उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे यांच्या फुटबॉल महासंघाने, म्हणजे कॉन्ककॅफने, जून २०२५ मध्ये ग्रीनलंडचा सभासदत्वाचा अर्ज एकमताने फेटाळला. अर्ज मे २०२४ मध्ये गेला होता. वर्षभर ताटकळत ठेवून मग नकार आला. त्या दिवसांत ग्रीनलंडचे नाव निघाले की ट्रम्प यांना ते बेट हवे आहे एवढीच चर्चा होत असे, त्यामुळे ही बातमी आपल्याकडे कुणाच्या फारशी वाचनात आली नसावी. मला हा नकार अन्यायाचा वाटतो.

ग्रीनलंडची लोकसंख्या जेमतेम ५६-५७ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी, आणि ती पसरली आहे हजारो किलोमीटरच्या किनाऱ्यावर. तिथे एका गावातून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता नाही. बोटीने जा, नाही तर विमानाने वा हेलिकॉप्टरने. तरीही १९७१ पासून तिथे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होते. तिची अंतिम फेरी ऑगस्टच्या सुमारास एकाच गावात आठवडाभरात उरकावी लागते, कारण इतर देशांतल्यासारखे दर आठवड्याला प्रतिस्पर्ध्याच्या गावी जाणे खिशालाही परवडत नाही आणि हवामानालाही. राजधानी नुकचा बी-६७ आणि इलुलिसाट गावाचा एन-४८ हे तिथले मातब्बर क्लब. नावातले आकडे म्हणजे त्यांची स्थापनावर्षे.

आता नियमांकडे येतो. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, घटनेनुसार स्वतंत्र नसलेल्या प्रदेशाची संघटनाही, तो प्रदेश ज्या देशाच्या अधीन आहे त्या देशाच्या संघटनेच्या संमतीने, अर्ज करू शकते. मात्र त्याआधी ती कोणत्या तरी खंडीय महासंघाची सभासद असावी लागते. युरोपच्या महासंघाने, युएफाने, ते दार कधीच लावून घेतले आहे: संयुक्त राष्ट्रांच्या बहुसंख्य सभासदांनी ज्याला स्वतंत्र राष्ट्र मानले आहे त्यालाच प्रवेश. ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात आहे, पण भूगोलाने ते उत्तर अमेरिकेत येते, तेव्हा उरले कॉन्ककॅफ. त्या महासंघाचे ४१ सभासद आहेत आणि त्यांत पाच हजारांच्या आत वस्ती असलेले मॉन्सेरात आहे, अँग्विला आहे, ग्वादलूप आणि मार्टिनिकसारखे फ्रान्सचे भाग आहेत. यांपैकी कुणीही सार्वभौम राष्ट्र नाही. मग ग्रीनलंडनेच काय घोडे मारले?

प्रतिसाद : हिशेबनीस

आपण नियमांची बाजू नेमकी मांडलीत, परंतु सभासदत्व हे नियमांत बसण्याचे बक्षीस नसते. कॉन्ककॅफमध्ये मत देणारे बहुतेक सभासद छोट्या, तुटपुंज्या पैशांच्या बेटांचे आहेत. त्यांनी एकमताने नकार दिला याचा अर्थ त्यांना ग्रीनलंडवासीयांची ओळख मान्य नाही असा होत नाही. तो निर्णय मला हिशेबाचा वाटतो.

फिफाच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांचे काळ वर्षानुवर्षे मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे राहिले आहेत. यांपैकी नुकमध्ये उघड्या मैदानावर सामना कधी होईल? जूनमध्ये नक्की, सप्टेंबरमध्ये बहुधा, आणि उरलेल्या काळात बर्फ. म्हणजे 'घरचे' बरेचसे सामने त्यांना दुसरीकडेच, बहुतेक युरोपात, खेळावे लागतील. आता अरुबा किंवा डॉमिनिका यांच्या संघटनेच्या कोषाध्यक्षाच्या जागी स्वतःला बसवून पाहा. वीस-बावीस खेळाडू, प्रशिक्षक, वैद्य, सामान, दोन-तीन विमाने बदलणे, वाटेत मुक्काम आणि त्यासाठी लागणारे व्हिसे, हे सगळे एका सामन्यासाठी. मॉन्सेरातचे उदाहरण आपण दिलेत, पण मॉन्सेरात त्यांच्या शेजारी आहे. शेजारचा दुबळा मुलगा खेळायला आला तर कुणी हाकलत नाही. दुसऱ्या गावाहून येणाऱ्याच्या भाड्यासाठी मात्र वर्गणी काढावी लागते.

आणखी एक गोष्ट दबक्या आवाजातच बोलली जाते. फिफा २०२३ ते २०२६ या चार वर्षांत प्रत्येक सभासद संघटनेला विकासासाठी ऐंशी लाख डॉलरपर्यंत देते. ग्रीनलंडसाठी खरी वाट तिथे जाते, आणि कॉन्ककॅफ हा तिच्यावरचा टोलनाका आहे. यात गैर काहीच नाही, पण मग हा प्रश्न केवळ अस्मितेचा आहे असे तरी मांडू नये.

प्रतिसाद : कोपनहेगनकर

कामानिमित्त दोन उन्हाळे नुकला जाणे झाले, म्हणून चार गोष्टी लिहितो. तिथले मुख्य मैदान कातळाच्या कुशीत आहे. प्रेक्षक बसतात ते त्या कातळावर: जाड जाकिटे घातलेली माणसे, थर्मासमधली कॉफी, मांडीवर मुले. मी पाहिलेल्या सामन्यात एक लांब फटका थेट त्या उतारावर गेला. एका दहा-बारा वर्षांच्या मुलाने चेंडू अडवला, मैदानाकडे न फेकता आधी दोनदा पायावर झेलला आणि मगच खाली सोडला, आणि आख्खा कातळ हसला. मैदानावर आता कृत्रिम हिरवळ आहे. तिथल्या थंडीत खरे गवत धरत नाही, म्हणून पूर्वी सगळीकडे खडी-मुरमाचीच मैदाने असत. माझ्या शेजारी बसलेल्या पन्नाशीच्या गृहस्थांनी विजारीचा पाय वर करून गुडघ्यावरचे व्रण दाखवले आणि "गोलरक्षक" एवढेच म्हणाले.

हिशेबनीस, आपला प्रवासखर्चाचा मुद्दा खरा आहे, पण त्यातला काही भाग आता जुना झाला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नुकची २,२०० मीटरची नवी धावपट्टी सुरू झाली. त्याआधी मोठे विमान तिथे उतरूच शकत नसे. कोपनहेगनहून आधी कांगेर्लुसुआकला जायचे आणि तिथून छोट्या विमानाने नुकला. २०२५ च्या उन्हाळ्यापासून न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कहून थेट विमान जाऊ लागले, चार-साडेचार तासांचे. उन्हाळ्यापुरते का होईना, अमेरिकेत पोचलेल्या संघाला नुक आता चंद्रावर वाटण्याचे कारण नाही.

जाता जाता एक सांगतो. ध्रुवीय प्रकाशाला ग्रीनलंडी भाषेत 'अर्सार्नेरित' म्हणतात, आणि त्या शब्दाचा संबंध चेंडू खेळण्याशी आहे. मृतांचे आत्मे आकाशात वालरसच्या कवटीने चेंडू खेळतात, अशी जुनी समजूत. यावरून सभासदत्व मिळावे असे मी म्हणत नाही, पण हा खेळ डेन्मार्कने शिकवला एवढेच म्हणून थांबू नये, इतकेच.

प्रतिसाद : पंचांचा निर्णय

खर्चाची चर्चा बाजूला ठेवून मूळ प्रश्न विचारतो. राष्ट्रीय संघ राष्ट्राचा असावा, हे साधे तत्त्व का सोडायचे? १९७९ मध्ये ग्रीनलंडला गृहशासन मिळाले, २००९ मध्ये स्वशासन वाढले, पण परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण आजही डेन्मार्ककडे आहे. तिथल्या खेळाडूला दार बंद आहे असेही नाही. येस्पर ग्रोनक्येर नुकमध्ये जन्मला, डेन्मार्ककडून खेळला आणि चेल्सीसारख्या क्लबपर्यंत पोचला. आपल्या रणजी स्पर्धेत एकाच राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात. म्हणून उद्या विदर्भाने विश्वचषकात जागा मागितली तर आपण काय म्हणू?

आफ्रिकेचे उदाहरण ताजे आहे. आफ्रिकी महासंघाने मार्च २०१७ मध्ये झांझिबारला सभासद केले आणि अवघ्या चार महिन्यांत ते सभासदत्व काढून घेतले. झांझिबार टांझानियाचा भाग आहे, त्याला प्रवेश द्यायलाच नको होता, अशी कबुली महासंघाच्या अध्यक्षांनाच द्यावी लागली. भावनेच्या भरात दार उघडले की असे होते. कॉन्ककॅफने निदान ती नामुष्की टाळली.

उपप्रतिसाद : उत्तरायण

रणजीचा दाखला इथे लागू होत नाही, कारण विदर्भाचा संघ ज्या मंडळाचा सभासद आहे ते मंडळ त्याला दर हंगामात सामने देते. ग्रीनलंडच्या संघाला कुणीच देत नाही. दर दोन वर्षांनी होणारे आयलंड गेम्स, म्हणजे छोट्या बेटांच्या क्रीडास्पर्धा, हाच त्यांचा मोठा रंगमंच. तिथे २०१३ मध्ये बर्म्युडात आणि २०१७ मध्ये गॉटलंडमध्ये त्यांनी रौप्यपदके मिळवली. यातली गंमत पाहा: २०१३ च्या अंतिम सामन्यात त्यांना हरवणारा बर्म्युडा ब्रिटनच्या अधीन असलेला प्रदेश आहे आणि फिफाचा सभासदही आहे. एकाच मैदानावर तेच दोन संघ, आणि दुसऱ्या दिवशी एकाला विश्वचषकाच्या पात्रता फेरीचे वेळापत्रक मिळते, दुसऱ्याला घरची बोट.

ग्रोनक्येरबद्दल आदर आहेच. पण एक खेळाडू पलीकडे गेल्याने उरलेल्यांचा संघ होत नाही.

आता फेरो बेटांकडे पाहा. तीही डेन्मार्कच्याच राज्यात, वस्तीही साधारण ग्रीनलंडएवढीच. त्यांना १९८८ मध्ये फिफाचे आणि १९९० मध्ये युएफाचे सभासदत्व मिळाले, कारण तेव्हा संयुक्त राष्ट्रांची अट नव्हती. १२ सप्टेंबर १९९० रोजी त्यांनी पात्रता फेरीच्या पहिल्याच सामन्यात, त्याच उन्हाळ्यात विश्वचषक खेळून आलेल्या ऑस्ट्रियाला १-० असे हरवले. हिशेबनीस, हा 'घरचा' सामना कुठे झाला? स्वीडनमधल्या लँड्सक्रोना गावात, कारण फेरो बेटांवर तेव्हा खऱ्या गवताचे मैदानच नव्हते. गोलरक्षक डोक्याला लोकरीची गोंडेदार टोपी घालून उभा होता. मैदान आधी आणि सभासदत्व नंतर, हा क्रम तेव्हा कुणी लावला नव्हता. सभासदत्व आले आणि मग त्याच्या मागोमाग मैदाने आली.

हँडबॉलचे तर विचारूच नका. त्या खेळात ग्रीनलंड अमेरिका खंडाच्या गटातून खेळते, आणि २००१, २००३ व २००७ अशा तीन जागतिक स्पर्धांत त्यांचा पुरुष संघ उतरला. तिथे कुणाचे सार्वभौमत्व बुडाले?

प्रतिसाद : कोळंबी

(नाव मुद्दाम घेतले आहे, कारण पुढे येते.) हा केवळ हिशेब आहे किंवा केवळ तत्त्व आहे, असे मानणाऱ्या दोन्ही बाजूंनी ३० जून २००१ चा सामना आठवावा. त्या दिवशी कोपनहेगनमध्ये ग्रीनलंड विरुद्ध तिबेट असा सामना झाला; तिबेटच्या संघात निर्वासित खेळाडू होते. चीनने आक्षेप घेतला, डेन्मार्कच्या फुटबॉल संघटनेवर दबाव आला, आणि ग्रीनलंडची कोळंबी घेणे बंद करू असाही इशारा देण्यात आला. ज्या प्रदेशाची निर्यात जवळजवळ सगळी मासळीची, त्याला ही धमकी कुठे लागते हे सांगायला नको. तरीही सामना झाला आणि ग्रीनलंडने तो ४-१ असा जिंकला.

माझे म्हणणे असे की छोट्या प्रदेशाने अंगावर राष्ट्रीय संघाची जर्सी चढवली की राजकारण आपोआप मैदानात उतरते, मग त्या प्रदेशाची इच्छा असो वा नसो. कॉन्ककॅफमध्ये अमेरिका हा सर्वांत बलाढ्य सभासदांपैकी एक आहे. ज्या वर्षी त्या देशाचे अध्यक्ष ग्रीनलंड मागत होते, त्याच वर्षी ग्रीनलंडला त्या महासंघात स्वतंत्र खुर्ची देणे म्हणजे काहीतरी बोलल्यासारखेच झाले असते. नकारामागे हेच कारण होते असा दावा मी करत नाही. पण होकाराचा अर्थ निव्वळ फुटबॉलचा राहिला नसता, एवढे तरी उत्तरायण यांनी मान्य करावे.

उपप्रतिसाद : उत्तरायण

मान्य. तरी नकाराचाही अर्थ निव्वळ फुटबॉलचा राहत नाही, एवढे आपणही मान्य करा.

उपप्रतिसाद : पंचांचा निर्णय

हँडबॉलचे मला ठाऊक नव्हते. त्या मुद्द्यावर माझी बाजू लंगडी पडते. परंतु फेरो बेटांना जुन्या नियमाने मिळाले ते ग्रीनलंडलाही मिळावे, हा युक्तिवाद ब्रिटनच्या अधीन असलेल्या जिब्राल्टरच्या वाटेने जातो. जिब्राल्टरने अर्ज केल्यावर युएफाने नियम बदलला, प्रकरण क्रीडा लवादाकडे गेले, आणि अर्ज जुना असल्यामुळेच २०१३ मध्ये त्यांना युएफाचे व २०१६ मध्ये फिफाचे सभासदत्व मिळाले. ग्रीनलंडने त्या काळात अर्ज केला नाही. उशीर झाला, त्याला इलाज नाही.

उपप्रतिसाद : कोपनहेगनकर

त्या काळात त्यांच्याकडे नियमात बसणारे मैदान नव्हते, साहेब. पहिली कृत्रिम हिरवळ काकोर्तोकमध्ये २०१० च्या सुमारास अंथरली गेली. मैदान नाही म्हणून अर्ज करायचा नाही, आणि मैदान झाल्यावर अर्ज करावा तर उशीर झालेला. मग करायचे तरी कधी?

प्रतिसाद : हिशेबनीस

वरची चर्चा वाचून माझे मत थोडे हलले आहे, पण बदललेले नाही. नवी धावपट्टी आणि लँड्सक्रोना हे दोन्ही मुद्दे माझ्या हिशेबात नव्हते. तरी पाहुण्या संघाच्या खर्चाचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही. ग्रीनलंडने पुन्हा अर्ज करताना दोन गोष्टी लिहून द्याव्यात. पहिली, घरचे सामने जूनमध्येच घेऊ, आणि इतर वेळी अमेरिका वा कॅरिबियनमध्ये, प्रतिस्पर्ध्याला सोयीच्या ठिकाणी, आपल्या खर्चाने खेळू. दुसरी, सुरुवात फुटसालपासून करू. बंदिस्त सभागृहातल्या या खेळाला बर्फ आडवे येत नाही, पाच-पाच जणांचा संघ असतो, आणि लांबलचक हिवाळ्यामुळे तिथली पोरे निम्मे वर्ष छपराखालीच चेंडू खेळत असतात. फ्रान्सचे ग्वादलूप आणि मार्टिनिक फिफात नसूनही कॉन्ककॅफच्या गोल्ड कपमध्ये खेळतात, म्हणजे अर्धी वाट चालण्याची सोय त्या महासंघात आधीपासून आहे. असा अर्ज आला आणि तोही एकमताने फेटाळला गेला, तर उत्तरायण यांच्या बाजूने पहिला प्रतिसाद माझा असेल.

उपप्रतिसाद : उत्तरायण

आपल्या खर्चाने म्हणजे कुणाच्या, हेही लिहा. फिफाचे पैसे सभासद झाल्यावर मिळतात.